कॉलर माइक जोडला तरी ध्वनिमुद्रण फोनच्याच माइकवर होते आहे का?

माणदेशी :

नमस्कार. माण आणि खटाव तालुक्यांतील वयस्कर स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या आणि पाळणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम मी सवडीने करते. ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ओव्यांचा केवढा तरी मोठा संग्रह आहे, त्यापुढे माझे काम अगदीच किरकोळ, परंतु आमच्या भागातल्या चाली आणि बोलीतले हेल टिकावेत असे मनापासून वाटते, आणि हेल टिकवायचे तर आवाज स्वच्छ हवा.

फोन मध्यम किमतीचा अँड्रॉइड आहे. त्याला हेडफोनची गोल खाच नाही, चार्जिंगचे टाइप-सी पोर्ट तेवढे आहे. माझ्याकडे ब्लूटूथ इअरबड्स आहेत, लांब वायरचा कॉलर माइक आहे आणि टाइप-सीमध्ये घालून गोल पिन जोडता येईल असा छोटा कन्व्हर्टर आहे.

इअरबड्सवर गाणी फार छान ऐकू येतात, म्हणून आधी त्यांचाच माइक वापरून पाहिला. आलेले ध्वनिमुद्रण फोनवरच्या संभाषणासारखे दबलेले निघाले, ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक कळेना. विशेष म्हणजे ध्वनिमुद्रण सुरू करताक्षणी इअरबड्समधून ऐकू येणारा आवाजही तसाच बिघडतो आणि थांबवले की पुन्हा सुधारतो. मग कॉलर माइक आणला. कन्व्हर्टरला वायरचे इअरफोन जोडले की गाणी उत्तम वाजतात, तेव्हा कन्व्हर्टर ठीकच असावा. परंतु कॉलर माइक जोडून केलेले ध्वनिमुद्रण आणि न जोडता केलेले ध्वनिमुद्रण यांत मला काडीचाही फरक जाणवत नाही. दुकानदाराने माइक बदलून दिला, तरी स्थिती तीच.

तिसरी तक्रार चढउताराची आहे. आजी ओवी संपवून श्वास घ्यायला थांबल्या की जात्याची घरघर आपोआप मोठी होते, आणि त्यांनी पुढची ओवी उचलली की पहिले दोन शब्द अंगावर येतात व नंतरचे दबतात. शिवाय वायरच्या इअरफोनवर हे सगळे पुन्हा ऐकताना मागे बारीक ‘स्स’ असा आवाज सतत असतो. तो फोनचा, माइकचा की इअरफोनचा हे मला ठरवता येत नाही.

चार हजारांपर्यंत खर्च करता येईल. माइक घ्यावा, हेडफोन घ्यावेत की फोनच बदलावा?

सोल्डरगन :

ताई, तुमच्या तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, त्यामुळे एक वस्तू विकत घेऊन त्या सगळ्या सुटणार नाहीत. फोन मात्र तूर्तास बदलू नका.

इअरबड्सचे कोडे सोपे आहे. ब्लूटूथमध्ये संगीत ऐकण्यासाठी एक आणि बोलण्यासाठी दुसरी, अशा दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत. ए२डीपी ही पहिली व्यवस्था एकतर्फी आहे. तिच्यातून फोनकडून कानाकडे स्टिरिओ संगीत जाते, आणि एसबीसी हा साधा कोडेकसुद्धा (कोडेक म्हणजे ध्वनी दाबून पाठवण्याची पद्धत) तिथे सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत माहिती पोचवतो. इअरबड्सचा माइक हवा झाला, की फोनला ती सोडून एचएफपी ही दुतर्फी, मूळची फोनवरच्या बोलण्यासाठी बेतलेली व्यवस्था लावावी लागते. तिच्या जुन्या रूपात ध्वनीचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, तर २०११ मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीपासून, दोन्ही उपकरणांना जमत असेल तर, १६,०००. जितके नमुने, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच ध्वनी टिपता येतो. म्हणजे पहिल्या प्रकारात ४,००० हर्ट्झच्या वरचे आणि दुसऱ्यात ८,००० हर्ट्झच्या वरचे सगळे गळून पडते. ‘स’चा सीत्कार बहुतांशी ४,००० हर्ट्झच्या वर असतो, ‘श’चा त्याच्या बराच खालून सुरू होतो, वरचा भाग छाटला की दोहोंतला भेदच उरत नाही. इअरबड्स दोन हजारांचे असोत वा वीस हजारांचे, या व्यवस्थेत हे होणारच. २०२० मध्ये ब्लूटूथ ५.२ बरोबर एलई ऑडिओ या नव्या ध्वनिव्यवस्थेची पायाभरणी झाली आणि तिच्यातला एलसी३ हा कोडेक या बाबतीत बराच पुढे आहे, पण फोन आणि इअरबड्स या दोघांनाही तो येत असेल तरच त्याचा लाभ. तुमच्या कामासाठी इअरबड्सचा माइक हा विषय बाजूला ठेवलेला बरा.

आता कॉलर माइक. कोणते ध्वनिमुद्रण चांगले याची तुलना करण्याआधी ते मुळात कोणत्या माइकवर झाले हे पाहायला हवे, आणि त्यासाठी कानांची फार परीक्षा घ्यावी लागत नाही. ध्वनिमुद्रण सुरू करा, कॉलर माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खरडा, मग फोनच्या तळाशी चार्जिंग पोर्टजवळ जे बारीक छिद्र असते तिथे तसेच खरडा. पुन्हा ऐकताना ज्या जागेची खरखर कानठळ्या बसवील, तो माइक चालू होता. मला जवळपास खात्री आहे की तुमच्या बाबतीत ती फोनच्या छिद्राची असेल.

असे का होते, तर टाइप-सीचे कन्व्हर्टर दिसायला एकसारखे असले तरी दोन जातींचे असतात. एका जातीत नुसत्या तारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलेल्या असतात, आणि फोन स्वतःच त्या पोर्टमधून हेडफोनचा संकेत बाहेर काढणारा असेल तरच ते चालतात. दुसऱ्या जातीत संख्यांचे ध्वनीत रूपांतर करणारी छोटी चिप असते. पण ध्वनी बाहेर काढणाऱ्या चिपमध्ये ध्वनी आत घेण्याचीही सोय असतेच असे नाही. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ती सर्रास गाळलेली असते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेखही नसतो. गाणी वाजतात म्हणून कन्व्हर्टर ठीक, हे अनुमान त्यामुळे टिकत नाही. नवा घेताना ‘माइक चालतो’ असे स्पष्ट लिहिलेला, चिप असलेलाच घ्या.

माइकची पिनही पाहा. फोनसाठीच्या पिनवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार भाग असतात. कॅमेऱ्यासाठीच्या पिनवर दोन रेघा आणि तीन भाग. चार भागांच्या पिनमध्येही जमीन (ग्राउंड) आणि माइक यांच्या जागा अदलाबदल केलेले दोन प्रघात होते. आज बहुतेक फोन सीटीआयए हा प्रघात पाळतात, जुना ओएमटीपी क्वचितच भेटतो. कॅमेऱ्याचा माइक फोनला लावायचा झाल्यास त्यासाठी वेगळी जोडतार मिळते.

गोल खाचेतून फोन माइक ओळखतो तो त्याच्या विद्युतरोधावरून. अँड्रॉइडच्या नियमावलीनुसार १,००० ओहमहून अधिक रोध दिसला तर तो माइक. ७० ओहमच्या आत दिसला तर गाणे थांबवण्याचे-सुरू करण्याचे बटण. २१० ते २९० ओहम दिसला तर आवाज वाढवण्याचे बटण. त्यामुळे भजनी मंडळाचा, हातात धरायचा डायनॅमिक माइक कोणी नुसती पिन बदलून थेट फोनला जोडला तर काहीच होत नाही, कारण त्याचा रोध दीडशे ते सहाशे ओहमच्या घरात असतो आणि फोन त्याला माइक समजायला तयार नसतो.

शेवटच्या दोन बारीक गोष्टी. तुमच्या माइकच्या वायरवर बटण असलेली छोटी डबी असेल, तर तिच्यात एलआर४४ जातीचा सेल असतो आणि बटणाला कॅमेरा व फोन अशा दोन स्थिती असतात. चुकीच्या स्थितीत आवाज अगदी क्षीण येतो किंवा येतच नाही. दुसरे, फोनला जाड कव्हर असेल तर कन्व्हर्टर शेवटपर्यंत आत जात नाही. तो बसल्यासारखा दिसतो, पण शेवटचा एक मिलिमीटर राहिलेला असतो. कव्हर काढून पाहा.

मंद्र :

सोल्डरगन यांनी जोडणीचे सविस्तर सांगितले आहे, त्यात भर घालण्याजोगे माझ्याकडे थोडेच आहे. मी चढउताराबद्दल लिहितो, कारण घरगुती बैठकींचे ध्वनिमुद्रण करताना याच गोष्टीने मला सर्वाधिक छळले आहे. तबल्यावर थाप पडली की तानपुरा बुडतो आणि चार मात्रांनी हळूहळू पुन्हा वर येतो, असे ध्वनिमुद्रण ऐकणे म्हणजे शिक्षा असते.

हा फोनचा बिघाड नव्हे. फोनवर बोलणारा माणूस कधी जवळून, कधी दुरून बोलतो, म्हणून मोठा आवाज दाबण्याचे आणि लहान आवाज उचलण्याचे काम फोन आपणहून करत असतो. त्याच्या जोडीला गोंगाट कमी करणारी प्रक्रियाही असते, जी सतत चालणाऱ्या एकसुरी ध्वनीला गोंगाट मानते. संभाषणासाठी हे उपकारक आहे, पण गाण्याच्या बाबतीत घातक. तानपुरा आणि जाते हे दोन्ही तिच्या लेखी सारखेच. आजी थांबल्या की फोनला वाटते बोलणारा दूर गेला, म्हणून तो संवेदनशीलता वाढवतो आणि घरघर उसळते. आजींनी ओवी उचलली की तो दचकून मागे सरतो.

उपाय ॲपमध्ये आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप ध्वनी मागताना ‘स्रोत’ सांगते: साधा माइक, कॅमेऱ्यासाठीचा, आवाज ओळखण्यासाठीचा, आणि अँड्रॉइड ७ पासून, फोन तो देत असल्यास, कोणतीही प्रक्रिया न केलेला. फोनबरोबर आलेले रेकॉर्डर ॲप बहुधा ही निवड तुमच्या हाती देत नाही. ज्यात हा स्रोत निवडता येतो, स्वयंचलित पातळी बंद करता येते आणि डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली ध्वनिफाइल साठवता येते, असे ॲप घ्या. चित्रीकरण करायचे असेल तर ‘ओपन कॅमेरा’ या मोफत ॲपच्या सेटिंग्जमध्ये ध्वनीचा स्रोत निवडता येतो आणि त्यात बाहेरच्या माइकचाही पर्याय आहे. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात कॉलर माइकचा काहीच परिणाम दिसत नाही, याचे एक कारण अनेकदा हेच असते, की तो बाहेरच्या माइककडे वळतच नाही.

फाइल कोणत्या रूपात साठते तेही एकदा पाहून घ्या. काही जुनी ॲप एएमआर रूपात साठवतात. त्यात ८,००० नमुन्यांचाच हिशेब असतो, म्हणजे माइक कितीही चांगला असला तरी आवाज पुन्हा फोनवरच्या संभाषणाच्याच पातळीला येतो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकेरी वाहिनी एवढे ठेवले तर मिनिटाला पावणेसहा मेगाबाइट लागतात, जे आजच्या फोनला जड नाही.

पातळी हाताने ठेवायची तर आजींना सर्वांत मोठ्या आवाजातली ओवी आधी म्हणायला सांगा आणि त्या वेळी मापकाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कोणालाही शिवता येत नाही. कमी पातळीचा मात्र सहज वाढवता येतो.

खरेदीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. फोनच्या आतला माइक वाटतो तितका टाकाऊ नसतो. आजकालच्या फोनमधले माइक स्वस्त कॉलर माइकच्या तोडीस तोड असतात. फरक पडतो तो अंतराने. मोकळ्या जागेत तोंडापासूनचे अंतर दुप्पट केले की थेट आवाज ६ डेसिबलने घटतो, पण शहाबादी फरशीवरून आणि पत्र्याच्या छपरावरून परतणारा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. कॉलर माइक चांगला वाटतो तो मुख्यतः छातीशी असतो म्हणून. तेव्हा एक दिवस काहीही न जोडता, फोन विमान मोडवर टाकून, त्याचा तळ आजींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरून ओवी घ्या. मग ठरवा. फोन जमिनीवर मात्र ठेवू नका, कारण जात्याची थरथर फरशीतून थेट त्याच्यात शिरते. खाली दुमडलेली गोधडी हवी.

कानसेन :

हेडफोनबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो.

पार्श्वभूमीला येणारा ‘स्स’ कोणाचा, हे ठरवणे अवघड नाही. फोनवर एखादे चांगले, शांत सुरुवात असलेले गाणे त्याच इअरफोनवर लावा. तिथे ‘स्स’ नसेल तर तो तुमच्या ध्वनिमुद्रणात आहे, म्हणजे माइकचा अथवा स्वयंचलित पातळीने उचललेला. तिथेही असेल, आणि आवाजाची पट्टी कमी-जास्त केल्याने त्याच्यात फरक पडत नसेल, तर तो कन्व्हर्टरचा. फार संवेदनशील इअरफोनवर तो अधिक जाणवतो.

दुकानात तुम्हाला ३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिट, एलडीएसी ९९० किलोबिट असे आकडे सांगितले जातील. ते आकडे खोटे नाहीत, परंतु तुमच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. साध्या इअरफोनना हाकण्यासाठी जो व्होल्टेज लागतो तो कुठलाही बरा कन्व्हर्टर देतो. स्टुडिओत वापरले जाणारे २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन मात्र फोनला लावू नका; ते वाईट नसतात, फोनची ताकद त्यांना अपुरी पडते आणि आवाज मंद येतो. १६ ते ५० ओहमच्या दरम्यानचे, कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले वायरचे हेडफोन घ्या. मागून बंद याकरिता, की शेजारी बसून ऐकताना समोरचा खरा आवाज आत कमी येतो आणि हेडफोनमधला बाहेर गळून माइकमध्ये शिरत नाही. ऐकण्याच्या चैनीसाठी मी स्वतः मागून उघडे वापरतो, पण ध्वनिमुद्रणाच्या जागी त्यांचा उपयोग नाही.

एक इशारा. बरेच ग्राहकोपयोगी हेडफोन खर्ज फुगवून ऐकवतात. त्यांच्यावर जात्याची घरघर ऐकून तुम्ही ती फार झाली असे समजाल आणि ध्वनिमुद्रणातला खर्ज छाटून टाकाल. फोनमधली इक्वलायझर, ‘डॉल्बी’ वगैरे सगळी भर घालणारी सोय तपासणीच्या वेळी बंद ठेवा. आणि तपासणी ब्लूटूथवर करू नका, निदान ध्वनिमुद्रण चालू असताना तरी नाही. आवाज कानात पोचायला लागणारा उशीर इतका जाणवतो की आजींचे ओठ आणि ओवी यांचा मेळ बसत नाही.

माणदेशी :

तिघांचेही आभार. नखाने खरडून पाहिले. सोल्डरगन म्हणाले तेच निघाले, खरखर फोनच्या तळाचीच आली आणि कॉलर माइकचा आवाज जवळजवळ नाहीच. कव्हर काढूनही फरक पडला नाही. शेजारच्या मुलाकडे चिप असलेला, माइक चालणारा कन्व्हर्टर होता, तो लावला तर सुरुवातीला फोनने काहीच ओळखले नाही. त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन ओटीजी नावाचे काहीतरी चालू केले आणि मग कॉलर माइक बोलू लागला. मात्र मध्ये चहा घेऊन आलो तोवर तो पुन्हा गप्प झाला होता.

मंद्र यांनी सुचवल्याप्रमाणे नुसत्या फोनवरही वीतभर अंतरावरून ओवी घेतली. आवाज खरोखर चांगला आला, पण फोन तोंडाजवळ धरला की आजी बुजतात, गाणे सोडून फोनकडे पाहतात आणि दोन ओव्यांत थांबतात. कॉलर माइकचे त्यांना काही वाटत नाही. मात्र त्यात पदराची सळसळ आणि बांगड्यांची किणकिण फार येते. शिवाय एका ध्वनिमुद्रणात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘हम्म’ असा सूर आहे. वायरलेस माइक घेतला तर हे टळेल का? आणि माइक जोडलेला असताना हेडफोन लावून ऐकायचे कसे, पोर्ट तर एकच आहे.

सोल्डरगन :

ओटीजीचा उलगडा असा, की काही कंपन्यांच्या फोनमध्ये पोर्टमधून बाहेरच्या उपकरणाला वीज देण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते, आणि चालू केली तरी काही मिनिटे उपकरण वापरात नसले की ती आपोआप बंद होते. त्यामुळे ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी ती पाहणे आणि नखाची परीक्षा घेणे, या दोन्ही गोष्टी अंगवळणी पाडून घ्या.

‘हम्म’ बहुधा चार्जरचा आहे. त्या वेळी फोन किंवा त्याला जोडलेले काही भिंतीच्या सॉकेटवर असावे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो. तो सूर आणि त्याच्या पटीतले सूर माइकच्या तारेत उतरतात. फोन घरून पूर्ण भरून न्या आणि ध्वनिमुद्रण चालू असताना चार्जर लावू नका. सूर तरीही आला तर माइकची वायर मिक्सर, फ्रीज किंवा विजेच्या मीटरपाशी गुंडाळून पडलेली नाही ना, ते पाहा. विमान मोडविषयी मंद्र यांनी लिहिले आहेच. त्याचा फायदा असा, की २जी जाळ्याशी बोलताना फोन जी ‘टर्र-टर्र’ माइकच्या तारेत सोडतो ती थांबते आणि ऐन ओवीत फोन येत नाही.

ऐकण्यासाठी दोन मार्ग आहेत. माइक आणि हेडफोन यांच्या दोन वेगळ्या खाचा असलेला गोल पिनचा स्प्लिटर तुमच्या नव्या कन्व्हर्टरला लावता येईल, पण तो सीटीआयए प्रघाताचा हवा आणि ॲपमध्ये चालू ध्वनिमुद्रण ऐकण्याची सोय हवी. त्यातही थोडा उशीर जाणवेल. दुसरा मार्ग, ज्याच्या अंगावरच हेडफोनची खाच आहे असा टाइप-सी माइक. त्यातले काही माइक आवाज फोनकडे जाण्यापूर्वीच कानाला देतात, त्यामुळे उशीर जाणवत नाही. विकत घेण्यापूर्वी ते विचारून घ्या. तुमच्या रकमेत मी असे करीन: माइक चालणारा चांगला कन्व्हर्टर, स्प्लिटर, आहे तोच कॉलर माइक, आणि उरलेले सगळे पैसे कानसेन यांनी सांगितलेल्या हेडफोनवर.

वायरलेसने वायर जाईल, सळसळ जाणार नाही, कारण ती कपड्याची आहे. शिवाय हे माइक बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथच्याच गर्दीत. तुमच्या वाडीवर ती गर्दी नसेल, पण मधे माणूस आडवा आला तरी आवाज तुटू शकतो, आणि डब्यांचे चार्जिंग ही आणखी एक काळजी. चार फुटांवर बसलेल्या बाईंसाठी मला ते अनावश्यक वाटते.

मंद्र :

या एका मुद्द्यावर मी सोल्डरगन यांच्याशी पूर्ण सहमत नाही. दळणारी बाई एका जागी बसलेली दिसली तरी खुंटा ओढताना कमरेपासून पुढे-मागे होत असते, आणि लांब वायर तिच्या गुडघ्याखाली किंवा जात्याच्या पाळीखाली सापडते. पैसे असते तर मी वायरलेस घेतला असता. चार हजारांत मात्र चांगल्या हेडफोनला प्राधान्य द्यावे, हे मान्य.

सळसळीसाठी माइक पदराला लावूच नका. पदर प्रत्येक झोक्याला चोळीवर घासतो, आणि गळ्यातली पोत किंवा डोरले माइकच्या जाळीवर टकटक करते. खांद्याजवळ चोळीच्या काठावर चिमटा लावा, माइकचे तोंड गळ्यातल्या दागिन्यांपासून चार बोटे दूर राहील असे पाहा, आणि माइकपासून थोड्या अंतरावर वायरचा छोटा वेढा करून तो कापडाला चिकटपट्टीने धरून ठेवा, म्हणजे वायरला बसलेला ओढा माइकपर्यंत पोचत नाही. माइकच्या तोंडावर फोमची टोपी असू द्या. ओसरीवर वारा असेल तर फोम पुरत नाही, केसाळ टोपी लागते.

बांगड्यांचे मी काही करणार नाही. बांगड्या काढायला सांगणे आजींना रुचणार नाही, आणि दळताना खुंट्यावर वाजणाऱ्या बांगड्या त्या ओवीच्या तालातच असतात. जात्याचेही तसेच. ते नको असे नाही, ते शब्दांवर चढायला नको एवढेच. म्हणून दोन थर घ्या: कॉलर माइकवर आजी, आणि घरात पडून असलेल्या एखाद्या जुन्या फोनवर, जात्यापासून दोन हात अंतरावर गोधडीवर ठेवून, सगळ्या खोलीचा आवाज. त्या जुन्या फोनला गोल खाच असेल तर उलटही करता येईल. कॉलर माइक थेट त्याला, कन्व्हर्टरची भानगडच नाही.

ध्वनिमुद्रण झाल्यावर ते कोणाला पाठवायचे असेल तर व्हॉट्सॲपवर ध्वनिसंदेश करून पाठवू नका, त्यात ते खूप दाबले जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडले तर फाइल जशीच्या तशी जाते. मूळ डब्ल्यूएव्हीवर कोणतीही सफाई करू नका. सफाई करायची ती तिच्या प्रतीवर. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या फितींच्या अंकीकरणासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते. तुमच्या ॲपमध्ये २४ बिटची सोय असेल तर तीच ठेवा, मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या आसपास जागा लागेल.

आणि दोन फोनवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर सुरुवातीला दोन्ही माइकच्या मध्ये एक टाळी वाजवा. नंतर संगणकावर दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवता येतात. दोन फोनची अंतर्गत घड्याळे तंतोतंत एका गतीने चालत नाहीत, त्यामुळे लांब बैठकीत शेवटाकडे दोन थर काही शतांश सेकंदांनी सरकतात आणि ओवी दुहेरी ऐकू येऊ लागते. बैठक अर्ध्या तासाच्या पुढे जाणार असेल तर शेवटीही एक टाळी असू द्या.